चारशे एकसष्ट

दातांच्या डॉक्टरकडून परतताना मी बसथांब्यावर उभा होतो. पाठीमागच्या काचेवर टप् असा आवाज झाला. मोठा नव्हता. गुंडाळलेला मोजा कुणी भिंतीवर मारावा तेवढाच. वळून पाहिलं तर काचेच्या पायाशी एक पक्षी पडला होता. करडी पाठ, शेपटीच्या दोन्ही कडांना पिवळा रंग. रेडस्टार्टची मादी. मे संपत आला की नर पुढे गेलेले असतात आणि मागून या येतात. मी वाकलो आणि आधी तिचे पाय पाहिले. शेजारी बाबागाडी घेऊन एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, "मेला का हो?" मी म्हणालो, "कडं नाही." "काय नाही?" "पायात कडं नाही." "अहो आजोबा, मेलाय का जिवंत आहे ते विचारतेय मी." पक्षी डोळे मिटून धापा टाकत होता. जिवंत आहे, मी म्हणालो. "मग उचला की! कुणाचा तरी पाय पडेल." मी उभाच राहिलो. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, बाळाच्या डोक्यावरची टोपी काढली, पक्षी टोपीत घेतला आणि बँकेच्या दारातल्या फुलांच्या कुंडीत नेऊन ठेवला. परत येऊन म्हणाली, "एवढं पाय बघायला येतं, उचलायला येत नाही?" मी म्हणालो, "मी उचलत नाही. लिहितो." तिने बाबागाडी जरा पलीकडे घेतली. बस आली. खिडकीतून मी कुंडीकडे पाहत राहिलो. पानं हलत होती, पण मिलवॉकीत मे महिन्यात तळ्यावरून वारा येतोच, त्यामुळे पक्षी हलला की पानं, ते कळलं नाही. माझा हात शर्टाच्या खिशाशी गेला होता. तिथे पेन्सिल असायची.

अकरा वर्षं मी लिहीत होतो. शहराच्या उत्तरेला तासाभरावर तळ्याच्या काठी विलोची झुडपं आहेत. तिथे दर वसंतात जाळ्यांत पक्षी धरून एका शेडमध्ये त्यांच्या पायात आकड्यांची कडी घालतात आणि सोडून देतात. परवाना मार्लिसच्या नावावर होता. मार्लिस माझी बायको. फेब्रुवारीत गेली. मी बसच्या आगारात चाळीस वर्षं ब्रेक दुरुस्त केले. निवृत्त झालो तेव्हा घरात माझं काय करायचं हे तिला कळेना, म्हणून तिने मला बरोबर न्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिने एक पक्षी माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "घे." मी हात मागे घेतले. माझे हात काय आहेत ते मला माहीत होतं. बसच्या चाकाचे नट चाळीस वर्षं आवळलेले हात. दहा ग्रॅमची वस्तू त्यांच्यात राहील आणि फुटणार नाही याची मला खात्री नव्हती. त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने माझ्याच मोज्याची गुंडाळी करून मला पकड शिकवली. पाठ तळहाताला लावायची, मान पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या मधे येऊ द्यायची, बाकीची बोटं नुसती भोवती ठेवायची. "घट्ट नाही," ती म्हणायची. "निसटणार नाही इतकंच." आठवडाभर मी मोजा धरला. मोजा चांगला धरता येऊ लागला. पण शेडमध्ये गेलो की हात मागे. शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, तू बस आणि लिही." तेव्हापासून ती बोलायची आणि मी लिहायचो. कड्याचा आकडा, जात, नर की मादी, पंखाची लांबी, चरबी, वजन. ती सांगायची, मी तेच परत म्हणायचो, मग लिहायचो. दिवसाला साठ-सत्तर पक्षी. घरी आम्ही एवढं कधी बोललो नाही. चरबी पाहायला पोटावर फुंकर मारायची असते. पिसं बाजूला होतात आणि पातळ कातडीखाली लोण्यासारखी पिवळी चरबी दिसते. पुढे किती लांब जाता येईल ते त्यावरून कळतं, म्हणून चरबीला आकडा देतात. पक्षी नसले आणि मी खुर्चीत पेंगायला लागलो की ती मागून येऊन माझ्या मानेवर फुंकर मारायची. "चरबी भरपूर. हा कॅनडापर्यंत जाईल. पण जायचा नाही, आळशी आहे." मी दचकायचो. आमच्याबरोबर काम करणारा हार्लन हसायचा. मी तिच्यावर चिडायचो, लोकांसमोर असं करू नये म्हणून.

या वसंतात मी एकदाही गेलो नव्हतो. कियाचे तीन फोन आले. किया थाओ शहरातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. मार्लिसच्या हाताखाली शिकली, आता परवाना तिच्याकडे आहे. पहिल्या फोनवर मी सांगितलं, गुडघा दुखतो. दुसऱ्या फोनवर सांगितलं, छत गळतंय. तिसऱ्या वेळी फोन उचललाच नाही. त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडून घरी आलो, तोंडाची एक बाजू अजून बधिर होती, म्हणून पाणी प्यायलो ते शर्टावर सांडलं, आणि पुसताना समोर कॅलेंडर दिसलं. जानेवारीत तिने सगळे महिने उलटून त्यावर लिहून ठेवलं होतं. उजवा हात तोवर गेला होता, डाव्या हाताने लिहिलं होतं, पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं. एकतीस मे, शनिवार. जाळी उतरणार. डॉक्टरांनी तिला एप्रिलपर्यंतचंही आयुष्य सांगितलं नव्हतं. हे लिहिताना तिने काय धरलं होतं? मी येईन हे धरलं होतं. दुसरं काही नाही. मी खुर्चीवर बसलो. न जाण्याचं कारण गुडघा नव्हता. कारण चारशे एकसष्ट होतं.

कडी तारेत ओवलेली येतात, शंभर-शंभर, आकडे ओळीने. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी मार्लिसने घातलेलं शेवटचं कडं चारशे एकसष्ट. त्याआधी आणखी आकडे असतात, पण आम्ही शेवटचे तीनच बोलायचो. पिवळ्या वटवट्याची मादी होती. या जातीचे पक्षी आमच्याच विलोत घरटं करतात, आणि जगले वाचले तर दुसऱ्या वर्षी त्याच झुडपात परत येतात. मार्लिसने पक्कड दाबली आणि तिचा हात हलला. मी समोर बसलो होतो, वीतभर अंतरावर. कडं बंद होताना त्याची दोन टोकं समोरासमोर यायला हवीत, बंद दारासारखी. ती एकावर एक चढली. आधीही त्या सकाळी दोनदा पक्कड तिच्या हातातून घसरली होती. तिने कडं फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती काही विचारतेय. मी बोलायला हवं होतं. चढलेलं कडं तिथल्या तिथे काढायचं असतं, ते पायावर दाबतं, पाय सुजतो, कधी गळून पडतो. हे मला अकरा वर्षांत शंभरदा ऐकून पाठ होतं. पण बोललो असतो तर दुसरी गोष्टही बोलावी लागली असती, तिच्या हाताची. मग तिने पक्कड कियाच्या हातात दिली असती आणि माझ्याबरोबर घरी येऊन बसली असती. त्या सकाळी ती खूष होती. शेवटचा दिवस होता. मी खाली पाहिलं आणि म्हणालो, "चारशे एकसष्ट." तिने हात उघडला. पक्षी गेला. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी विचारलं, हाताचा त्रास कधीपासून? ती म्हणाली, जुलैपासून. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहत होतो. पुढे एकदा तो डॉक्टर मला जिन्यात भेटला तेव्हा मी विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर? तो म्हणाला, फारसा फरक पडला नसता. भला माणूस होता. पण 'फारसा' तेवढं माझ्याबरोबर घरी आलं. रात्री दिवा घालवला की ते असायचं, आणि त्याच्याबरोबर ती पिवळी चिमणीएवढी मादी, एका पायावर उभी.

शनिवारी उजाडता उजाडता पोचलो. वाटेत बेकरी उघडत होती, तिथून क्रिंगल घेतलं, पेकन घातलेला गोड पाव. रिकाम्या हाताने तिथे कुणी जात नाही. हार्लन जाळ्यांच्या वाटेवरून येत होता, गळ्यात कापडी पिशव्यांची माळ, प्रत्येकीत एक पक्षी, पिशव्या आपोआप हलत होत्या. हा जुना गवळी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गायी विकल्यापासून जाळ्यातून पक्षी सोडवतो. म्हणतो, कासेपेक्षा सोपं आहे, लाथ लागत नाही. मला पाहून तो थांबला. "जिवंत आहेस का? आम्ही कळवणार होतो, एक म्हातारा नर, कडं नसलेला, कुणाला मिळाला तर सांगा." मी म्हणालो, "गुडघा." "छत गळतंय म्हणून ऐकलं होतं." "तेही." "गुडघ्यावर गळतं का?" मग त्याने क्रिंगलचा खोका उघडून हुंगला आणि म्हणाला, "आत जा. पोरगी एकटीच बोलते आणि एकटीच लिहिते. तिचं अक्षर बघून मला रडू येतं." शेडमध्ये किया पाठमोरी बसली होती. एका हातात पक्षी, दातात पेन्सिल. तिने वळून पाहिलं, पेन्सिल दातातून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर दातांचे वळ होते. "बसा गॉर्डी. माशीमार आहे," ती म्हणाली. बस्. एवढंच. मी बसलो. खुर्ची तीच होती, उशी बदललेली.

शेवटच्या आठवड्यात माशीमार येतात. सगळे एकसारखे, हिरवट करडे, एकाची दुसऱ्यापासून ओळख पटवायला पंखाच्या एकेका पिसाचं माप घ्यावं लागतं. मार्लिस म्हणायची, देवाने ते घाईत केले, निघता निघता, तोच रंग उरला होता. किया आकडे बोलत गेली, मी परत म्हणत गेलो, लिहीत गेलो. पहिले चार-पाच पक्षी मी तिच्या आवाजाच्या जरा मागे होतो. मार्लिस वजन सांगताना थांबायची, काट्याचा आकडा स्थिरावेपर्यंत. किया थांबत नाही, आधी एक सांगते आणि मग दुरुस्त करते. मी दोनदा खोडलं. "माफ करा," ती म्हणाली, "बाई असत्या तर ओरडल्या असत्या." मी म्हणालो, "माझ्यावर ओरडली असती. तुझ्यावर नाही." तिने मान खाली घातली. पक्षी नसताना मी यंदाचे कागद उलटले. जुनी कडी घेऊन परत आलेल्या पक्ष्यांची पानं वेगळी असतात. कियाचं तिरकं अक्षर, एकावर एक. मी फक्त शेवटचे तीन आकडे पाहत होतो. एकशे बारा. नव्वद. तीनशे सदतीस, हे मार्लिसचंच, दोन वर्षांपूर्वीचं. चारशे एकसष्ट नव्हतं. पुन्हा पहिल्या पानापासून पाहिलं. किया डब्यातला चिकट भात बोटांनी गोळा करून खात होती, आईने दिलेला. डबा माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "काय शोधताय?" "काही नाही. अक्षर वाचता येतं का बघतो." मला सुटल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. आली नाही म्हणजे मेली. किंवा आली आहे, दोनशे फुटांवर झुडपात आहे, आणि जाळ्यात सापडली नाही. दोन्हीपैकी कोणतं मला हवं होतं? साडेदहाला शेवटची फेरी होती, मग जाळी उतरणार, पुढच्या एप्रिलपर्यंत काही कळायचं नाही. घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं.

शेवटचे दोन आठवडे मार्लिस बोलत नव्हती. दवाखान्याच्या खिडकीतून तळं दिसायचं नाही, गाड्या उभ्या करायची जागा दिसायची, तिच्यावर बर्फ. तिचा उजवा हात पांघरुणावर पडलेला असायचा, मेलेलाच, पण डावा जागा होता. डाव्या हाताची पहिली दोन बोटं सारखी विलग व्हायची आणि जवळ यायची. नर्स म्हणाली, झटके आहेत, मेंदूचे. मी बराच वेळ पाहिलं. ते झटके नव्हते. पक्षी धरायचा तर डाव्याच हातात धरतात, उजव्यात पक्कड असते. मी माझा अंगठा त्या दोन बोटांमधे ठेवला. बोटं जवळ आली. बाकीची बोटं भोवती आली. घट्ट नाही. मी अंगठा तसाच ठेवून बसलो, सूप थंड झालं, बाहेर कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं. मला तेव्हा सांगता आलं असतं. मी पाहिलं होतं, मार्लिस, मे महिन्यातच पाहिलं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "चरबी काहीच नाही. तुला खायला हवं." तिचं तोंड जरा हललं. हसली असेल. नसेलही.

साडेदहाच्या फेरीला हार्लन गेला आणि चारच पिशव्या घेऊन आला. "दोन माशीमार, एक कस्तूर," तो म्हणाला, "आणि एक पिवळी, आधीच दागिना घातलेली. मी जाळी गुंडाळायला जातो, नाहीतर हरणं येतात आणि शिंगावर घेऊन फिरतात." आणि गेला. पिशव्या खिळ्यांवर होत्या. किया म्हणाली, दागिनेवालीला आधी घेऊ. पिशवीत हात घालून तिने पक्षी काढला. पिवळा, नरासारखा धमक पिवळा नाही, उन्हात विटलेल्या पडद्यासारखा. तिने पोटावर फुंकर मारली. मधली पिसं गळून गेलेली, कातडी उघडी, लालसर, सुरकुतलेली. "अंड्यावर बसलेली आहे. लवकर सोडायला हवं, अंडी गार पडतील. लिहा." भिंग लावून ती आकडा वाचू लागली. एकेक आकडा वाचला, आणि मी तिच्या पुढे होतो. ती सहावर होती तेव्हा माझ्या पेन्सिलीने एक लिहून झाला होता. मग ती थांबली. पाय बोटावर घेऊन उजेडाकडे वळवला. दोन्ही पाय होते. मी मोजले. एक, दोन. "गॉर्डी," ती म्हणाली, "कडं चढलंय. वर्षभर असंच असणार. कातडी जाड झालीय खाली, सूज आहे थोडी. पण पाय शाबूत आहे." तिने भिंग खाली ठेवलं. आकडे कोणत्या तारेतले ते तिला कळलं होतं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हे बाईंचं आहे." मी म्हणालो, "तिचं शेवटचं." कस्तुराची पिशवी खिळ्यावर झोके घेत होती. किया म्हणाली, "एक वर्ष निभावलंय तिने. दक्षिणेला जाऊन आली, एवढा समुद्र ओलांडून. तुम्ही म्हणत असाल तर राहू देऊ. मी कुणाला सांगणार नाही." तिचे डोळे भरले होते, आणि ती मला देऊ करत होती ती गोष्ट मोठी होती. त्या पायात जे होतं ते मार्लिसच्या हाताने जगात केलेलं शेवटचं काम होतं. ते दहा ग्रॅमच्या अंगाबरोबर उडत होतं. काढलं की एक चेपलेला पत्र्याचा तुकडा. मला ते राहू द्यायचं होतं. इतकं की माझी दाढ ठणकायला लागली. आणि मला मार्लिसचा आवाज ऐकू आला, आठवणीतला नाही, चिडका, रोजचा, मी मागचा आकडा नीट गिरवत बसलो आणि तिच्या हातात पक्षी तिष्ठत असला की यायचा तसा: पक्षी आधी, गॉर्डी, कागद मग. "काढ," मी म्हणालो.

पत्र्याच्या डब्यात एक पक्कड होती. आगारातून मीच आणली होती, पहिल्या वर्षी, तिच्यासाठी. साधी पक्कड दाबली की मिटते, ही दाबली की उघडते. टोकं मी घरी कानस मारून बारीक केली होती, तिच्या वाढदिवसाला रिबीन बांधून दिली. ती म्हणाली होती, बाकीच्या बायकांना हार मिळतात. मग दहा वर्षं सगळ्यांना दाखवत होती. कियाने पक्कड काढली, एका हाताने चिमट्यात कडं धरून पाहिलं आणि मान हलवली. "एका हाताने जमणार नाही. पक्षी धरायला तिसरा हात लागेल. हार्लनला बोलवा." मी दारात गेलो. हार्लन पार शेवटच्या जाळ्यापाशी होता, तळ्याच्या बाजूला, वाऱ्यात त्याची टोपी तेवढी दिसत होती. मी हाक मारली. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मागून किया म्हणाली, "अंडी, गॉर्डी." मी वळलो. हात पँटला पुसले. डावा पुढे केला. "मोज्यावर शिकलोय," मी म्हणालो. ती म्हणाली, "मीही." मला हे माहीत नव्हतं. तिने पक्षी माझ्या तळहातावर पाठीवर ठेवला आणि माझी बोटं मिटली. मान पहिल्या आणि दुसऱ्या बोटामधे. मोज्याला वजन असतं. हिला नव्हतं. नुसती ऊब होती, आणि त्या उबेत एक ठोका, इतका जलद की ठोके वाटतच नव्हते, फोन खिशात घुरघुरावा तसं काहीतरी सलग. माझा अंगठा, माझी चट्ट्यांची बोटं. घट्ट नाही, मी मनात म्हणत होतो, की मोठ्याने म्हणत होतो, कारण किया म्हणाली, "बरोबर. तसंच." पक्कडीची टोकं आत गेली. पक्षी माझ्याकडे एका डोळ्याने पाहत होता. कडं उघडताना बारीक कुरकुर झाली. मी ब्रेकचे हजारो आवाज ऐकलेत, त्यातला हा नव्हता. ते टेबलावर पडलं तेव्हा त्याचा आवाजच आला नाही. कियाने पायाला मलम लावलं, दुसऱ्या पायात नवीन कडं घातलं, टोकं जुळली, ती तिने फिरवून मला दाखवली. मी पाहिलं आणि बोललो. "नीट आहे," म्हणालो.

"सोडा आता," ती म्हणाली. मी दारात गेलो. हात बाहेर उन्हात धरला. आणि मला कळलं की हे मला येत नाही. धरायचं मार्लिसने शिकवलं होतं, सोडायचं नाही. मोजा कधी उडाला नव्हता. झाला धडा की मी तो खणात टाकायचो. कोणतं बोट आधी काढायचं? किया मागे उभी होती. विलोवर ऊन होतं. त्यातल्या कुठल्या तरी फांदीवर चार अंडी गार होत होती. मी एकच केलं, भोवतीची तीन बोटं ढिली केली आणि मानेजवळची दोन विलग केली, जशी मार्लिस पांघरुणावर करत होती, पुन्हा पुन्हा, दोन आठवडे. तेव्हा मला वाटलं होतं ती धरतेय. पक्षी क्षणभर तळहातावर तसाच पडून राहिला, मोकळं झालंय हे त्याला कळलं नसावं. मग नव्हता. हाताला वाऱ्याचा एक थंड गोळा लागला. झुडपात शिरताना पिवळं काही दिसलं, तेवढंच.

मग कागद. मी बसलो. जुना आकडा, नवा आकडा, सातशे तीन. मादी. पोट उघडं. वजन नऊ पूर्णांक सहा. जुनं कडं चिकटपट्टी लावून त्याच ओळीशेजारी कागदावर लावायचं असतं. मी लावलं. पट्टीखाली ते काहीच दिसत नव्हतं, वाकलेला पिनेचा तुकडा. शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. किया कस्तुराच्या पिशवीची गाठ सोडत होती. ती म्हणाली, "झिजलं म्हणून लिहा. झिजतातच. कुणी विचारत नाही." आजवर तो रकानाही मार्लिस सांगायची आणि मी लिहायचो. पेन्सिलीला टोक नव्हतं, खिशातल्या चाकूने केलं. मग लिहिलं: कडं घालताना टोकं चढली. घालणारीचा हात आजारी होता. लिहिणाऱ्याने पाहिलं होतं. तो बोलला नाही. रकाना लहान होता, शेवटचे दोन शब्द समासात गेले. प्रत्येक ओळीवर परवानावाल्याची सही लागते, म्हणून कागद तिच्यापुढे सरकवला. कस्तूर तिच्या हातात होता, मान दोन बोटांमधे, छातीवरचे ठिपके वरखाली होत होते. तिने ओळ वाचली. पुन्हा वाचली. बाहेर हार्लन जाळ्याचे खांब एकमेकांवर टाकत होता, एकेक. तिने उजवा हात मोकळा केला, माझ्या हातातून पेन्सिल घेतली, आणि ओळीच्या शेवटी सही केली, जरा वर, समासातल्या शब्दांना धक्का लागणार नाही अशी. पेन्सिल परत दिली. मग तिने कस्तुराच्या पोटावर फुंकर मारली.

"चरबी चार," ती म्हणाली.

"चार," मी म्हणालो, आणि लिहिलं.